खड्ड्याला पाणी

पाऊल.
ओढ.
पाऊल.
ओढ.
थांबा. दांडीवर भार.
पाऊल.

एवढंच. बोलणं नाही, हसणं नाही. भिंत आवाज धरत नाही, चाल धरते.

भाग्यलक्ष्मी येमूलनं कानावरची डबी काढली आणि लास्याच्या खोलीचं दार ओढून घेतलं. आत कुणी जायचं नाही हा नियम तिचाच होता. ती स्वतःसुद्धा उंबऱ्याबाहेर बसूनच ऐकायची, वायर दाराच्या फटीतून आत सोडून.

"ऐकलीस?" अंबादासनं स्वयंपाकघरातून विचारलं.

"हं."

"बरी होती?"

बावीस वर्षांची मुलगी गेल्यावर बाप असं विचारतो. भाग्यलक्ष्मीला एरवी राग आला असता. पण डबी ऐकल्यानंतर थोडा वेळ तिला कशाचाच राग यायचा नाही.

"बरी होती," ती म्हणाली.

*

हे कसं होतं ते सांगायला फार अवघड नाही.

सोलापूरची धूळ आणि सोलापूरचा उन्हाळा, यामुळे धूळपकड कागद इथं घरोघरी गेला. छताच्या आणि आडभिंतीच्या बोर्डांना मागून चिकटवलेला हा कागद कांद्याच्या पापुद्र्याइतका पातळ असतो. कारखान्यात तो तापवतात, प्रचंड विद्युतदाबाखाली धरतात आणि तसाच थंड करतात. मग विद्युतभार त्याच्यात गोठून बसतो, वर्षानुवर्षं. मुखपट्टीत धूळ ओढून धरणारा थर असतो, त्याच जातीचा हा.

बोर्ड ज्याच्यावर ठोकलेले असतात तो सांगाडा पत्र्याच्या चॅनेलचा. उभे चॅनेल, आडवे चॅनेल, वर छतात त्यांची जाळी. आणि माणूस म्हणजे विजेच्या हिशेबानं खारट पाण्याची पिशवी. ही पिशवी भिंतीजवळून गेली की पत्र्यातला भार इकडचा तिकडे सरकतो, आणि पत्र्यामागच्या कागदात गोठलेला भार किंचित दबतो. एकदा गेल्यानं काही होत नाही. पण तोच माणूस त्याच वाटेनं, तसाच, महिनोन्‌महिने चालला की गवतात पायवाट पडते तशी वाट पडते.

हा शोध कुणी लावायला गेलं नव्हतं. एका प्रयोगशाळेत कागदाची ताकद मोजत होते. यंत्रात नुसती खरखर यायला हवी होती, तिथं कुणीतरी चालत होतं. तिथला लंगडा पहारेकरी. तो तर गावी गेला होता.

मग भिंतीतली ही वाट कानाला ऐकवणाऱ्या डब्या आल्या. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं होतं, ते भिंतीला कान लावून बसले.

अट एकच. सांगाडा जमिनीला जोडलेला नको. जोडला, की भाराला वाट मिळते आणि पायवाट पुसून जाते. अगदी तुटलेलाच हवा असंही नाही. जमिनीपर्यंतची वाट अवघड झाली तरी पुरतं.

आणि जोडला नाही, तर दुसरंच. कुठं एखादी वायर सोलली गेली, एखादा स्क्रू तिच्यात घुसला, तर सगळा सांगाडा जिवंत होतो. वीज जमिनीत पळून जात नाही, त्यामुळे मीटरजवळचा सुरक्षेचा खटका पडत नाही. ती पत्र्यात वाट बघत बसते. ओल्या पायानं, उघड्या पायानं कुणी हात लावेपर्यंत.

अशी माणसं गेली. नियम आला. छत असो की आडभिंत, पत्रा जमिनीला जोडलेला पाहिजे. ते तपासणारी माणसं नेमली गेली. सोलापूरच्या पूर्व भागात ते काम भाग्यलक्ष्मीकडं होतं.

*

"मॅडम, दिवाळीपर्यंत राहू द्या की."

हत्तुरे काका शिडी धरून उभे होते. भाग्यलक्ष्मीनं स्वयंपाकघरातल्या छताचा एक चौकोन बाजूला सरकवून हिरवी वायर चॅनेलला लावायला घेतली होती.

"काका, तुमच्या घरी नातवंडं येतात."

"दिवाळीलाच येतात. तेच म्हणायलोय मी. ती येतील, एकदा आजीला ऐकतील, मग तुम्ही लावा काय लावायचं ते." थोडं थांबून ते म्हणाले, "ओट्यापासून फ्रिजपर्यंत जाती, परत येती. आयुष्यभर तेवढंच चालली बाई. सिद्धेश्वराच्या तळ्यावर चल म्हटलं तर गुडघे दुखतात म्हणायची."

भाग्यलक्ष्मीनं चॅनेलवरची धूळ बोटानं पुसली. ती अशा वेळी गप्प राहायची. बोललं की माणूस आशा धरतो.

"तुमच्या घरी नाही का हो असं कुणी?"

"आहे."

"मग?"

"जोडलंय," ती म्हणाली. "पहिल्यांदा माझंच घर जोडलं."

तिनं नट आवळला. खाली हत्तुरे काकांच्या हातातल्या डबीत पाऊल होतं ते अर्ध्यातच

*

येमूलांच्या घराचं अर्थिंग मागच्या बाजूला होतं, मोरीला लागून. लोखंडी झाकण, खाली जमिनीत गेलेला पाइप, भोवती कोळसा आणि मीठ, वर पाणी घालायला नरसाळं. उन्हाळ्यात मुरूम सुकतो, मग तार असून नसल्यासारखी होते. म्हणून खड्ड्याला पाणी घालायचं. अंबादास रोज सकाळी अंघोळीचं शेवटचं पाणी तिथं ओतायचा. लास्या लहान असताना पेला घेऊन त्याच्या मागून जायची. "नाना, खड्ड्याला तहान लागली," म्हणायची आणि आपल्या दुधातलं उरलेलंही ओतायची.

तिचे पाय विसाव्या वर्षी गेले. एकदम नाही, आधी टाच उचलेना, मग गुडघा. तिच्या खोलीच्या आडभिंतीला अंबादासनं स्टीलची दांडी बसवून दिली, दारापासून खिडकीपर्यंत. ती धरून लास्या चालायची. रोज. उजवा पाय टाकायचा, डावा ओढायचा. पुढं पुढं दांडी नुसती धरून पुरेना, त्यावर सगळा भार टाकून थांबावं लागायचं.

"अम्मा, मोजू नको गं," ती ओरडायची. "तू मोजलंस की मी पडते."

ती गेल्यावर भाग्यलक्ष्मीनं वायर सोडली नाही. वायर सोडलेली कुणालाही दिसते, आणि तिच्या हाताखालची पोरं तिच्याच घरी तपासायला आली असती तर पहिल्यांदा तेच बघितलं असतं. लास्याच्या दुखण्याच्या दोन वर्षांत खड्ड्याला पाणी घालायचं राहूनच गेलं होतं; तिनं फक्त अंबादासला सांगितलं, आता घालूच नका.

सोलापुरात खड्डा कोरडा पडायला वेळ लागत नाही.

*

"भाग्या, खड्ड्यात मिठाचे खडे झालेत. वाजायलाय झाकण काढलं की."

"वाजू द्या."

"सगळ्या गावाला सांगतीस पाणी घाला म्हणून."

"गावाला सांगते. तुम्हाला सांगितलंय का?"

अंबादास जेवताना थांबला. तीस वर्षं तो टॉवेलच्या मागांवर जॉबर होता, म्हणजे बिघडलेला माग ठीक करणारा. मागांनी त्याचे कान नेले होते. त्याच्याशी मोठ्यानं बोलावं लागायचं, त्यामुळे त्यांच्या घरातलं साधं बोलणंही शेजारी भांडण म्हणून ऐकायचे. हे मात्र भांडणच होतं.

"मी ओल्या हातानं फिरतो घरात. तूबी फिरतीस. काही झालं तर मग?"

"काय होतंय?"

"ते तू मला विचारतीस होय?"

"तुम्हाला काय फरक पडतो हो?" ती म्हणाली. "तुम्हाला ऐकूच येत नाही. डबी लावली, म्हणालात, काहीच नाही. तुमच्यासाठी ती नुसती भिंत आहे. तुम्ही उद्या तिथं कपाटसुद्धा लावाल."

अंबादासनं तिच्याकडं बघितलं. मग शेंगाचटणीची वाटी तिच्या बाजूला सरकवली.

"घे की," म्हणाला. "भाकरी कोरडी खायलीस."

*

खर्रर्र.
खर्रर्र.
पाऊ
खर्रर्र.

श्रावणात हवा ओली झाली आणि पायवाट विरायला लागली. सगळ्यांच्याच भिंती विरतात. ओल्या हवेत कागदातला भार झिरपतो; त्याला इलाज नाही. हे भाग्यलक्ष्मी दुसऱ्यांना सांगायची तेव्हा तिचा आवाज मऊ असायचा.

त्या संध्याकाळी ती दाराशी बराच वेळ बसून राहिली. उठली ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी तिनं पाणी पिऊन डबी कानाला लावली.

पाऊल.
ओढ.
पाऊल.
ओढ.
थांबा.

पुसट, पण होतं. पुढच्या आठवड्यात आणखी ठळक झालं. भाग्यलक्ष्मीला त्याचं कारण कळलं, किंवा तिनं ते ठरवलं. आपला खड्डा नीट सुकला. आपलं काम पक्कं. गावातल्या सगळ्या भिंती विरल्या आणि लास्याची राहिली.

"आहे," ती बाहेर येऊन ओरडून म्हणाली. "आहे ती!"

अंबादासनं मान हलवली. त्या दिवशी ती दोन भाकरी जेवली. तो तिच्याकडं बघत बसला होता.

*

पाऊल.
ओढ.
पाऊल.
थांबा. दांडीवर भार, जास्त.
थांबा.
पाऊल.
ओढ.

हिवाळ्यापासून काहीतरी बदललं होतं. डबीवर एक बारीक पट्टी असते, तिच्यावर अंग भिंतीजवळ किती आलं आणि किती उंचीवर आलं ते दिसतं. लास्याचा खांदा त्या पट्टीवर जिथं दिसायचा त्याच्या बराच वर आता दिसत होता. थांबे लांबले होते. पावलाचा ठसा रुंद.

दुसऱ्या कुणाच्या घरी हे दिसलं असतं तर भाग्यलक्ष्मी एका क्षणात बोलली असती. इथं ती म्हणाली, पत्रा थंडीनं आकसला असेल. मग म्हणाली, डबीच जुनी झाली. मग काही म्हणायचं तिनं बंद केलं. रोज ऐकायची, पट्टीवर अंगठा ठेवून.

*

मार्चमधल्या एका दुपारी तपासणीचं घर कुलूपबंद निघालं. भाग्यलक्ष्मी जेवायला घरी आली. चप्पल काढली, हाक मारली नाही. मारून उपयोग नसायचा.

लास्याच्या खोलीचं दार उघडं होतं.

अंबादास आत चालत होता. दाराकडं त्याची पाठ होती. डाव्या हातात दांडी. पायात लास्याच्या निळ्या रबरी चपला. त्याच्या टाचा त्यातून पार बाहेर आल्या होत्या, म्हणून तो चवड्यांवर चालत होता. उजवा पाय टाकायचा. डावा ओढायचा. त्याचे स्वतःचे गुडघे गेलेले. दोन पावलांनंतर तो दांडीवर सगळं वजन टाकून थांबायचा, दम खायचा. मग पुन्हा. खिडकीपाशी पोचल्यावर तो वळला, लास्या वळायची तसा, आधी खांदा भिंतीला टेकवून, आणि त्याला ती दिसली.

तो तसाच थांबला, दांडी धरून.

मग भाग्यलक्ष्मीचं लक्ष दांडीकडं गेलं. दारापाशी दांडीला धरणारा जो आधार होता, त्याचा स्क्रू नवा होता. चमकत होता.

"हा कधी लावला?"

"काय?"

"स्क्रू! स्क्रू कधी बदलला?"

"संक्रांतीला. माझ्या वजनानं सुटायला लागली दांडी. लांब टाकला चांगला, आता हलायची नाही."

त्या आधाराच्या मागून, चॅनेलला लागून, दिव्याच्या बटणाची वायर वर जात होती. भाग्यलक्ष्मीला ती माहीत होती. या घराचा सांगाडा तिनं उभा राहताना बघितला होता.

"हात सोडा."

"ऐक तर"

"हात सोडा आधी! पायातलं काढू नका. भिंतीला लागू नका. इकडं या."

तो आला. तिनं पिशवीतून टेस्टर काढला आणि लांबून टोक दांडीला टेकवलं.

दिवा लागला. नुसता लागला नाही, लख्ख लागला.

संक्रांतीपासून मार्चपर्यंत. रोज. त्याच्यात आणि फरशीत लास्याच्या चपलांचं रबर तेवढं होतं. एखाद्या दिवशी चपला सापडल्या नसत्या. एखाद्या दिवशी टाच फरशीला टेकली असती.

ती उंबऱ्यावर बसली.

"तुम्हाला काही जाणवलं नाही? हाताला? काहीच?"

अंबादास तिच्यासमोर खाली बसला, गुडघे धरून, हळूहळू.

"जाणवायचं की," तो म्हणाला. "मुंग्या यायच्या. बारीक. दांडी धरली की हातात कुणीतरी थरथरतंय असं." त्यानं तळहात उघडून तिला दाखवला. "तिचा हात शेवटी शेवटी तसाच थरथरायचा, नाही का. मला वाटलं ती धरायलीय."

भाग्यलक्ष्मी त्याच्याकडं बघत राहिली.

"तुला डबीतून ऐकू येतं," तो म्हणाला. "मला एवढंच येत होतं."

*

शेजारच्या घरात कुणीतरी कुकर लावला, त्याच्या शिट्ट्या झाल्या.

"चालायला का लागलात?" तिनं विचारलं. मग पुन्हा मोठ्यानं विचारलं.

"श्रावणात तू जेवेनास. मी म्हटलं, भिंतीत वाट होतीच, नुसतं चालणारंच पाहिजे ना. ती कशी चालायची ते मला माहीत होतं. मी तिच्या मागून चालायचो, पडली तर धरायला. तू मोजायचीस, मी बघायचो."

"म्हणजे श्रावणानंतर ती"

तिनं वाक्य पुरं केलं नाही. पुरं करण्यासारखं त्यात काही नव्हतं. श्रावणातच ती गेली होती. दुसऱ्यांदा. आणि त्यानंतर रोज संध्याकाळी भाग्यलक्ष्मी दाराशी बसून आपल्या नवऱ्याला ऐकत होती, तो घरात असताना, पलीकडं भांडी घासत असताना.

"आता पाणी घालशील," अंबादास म्हणाला.

"घालावंच लागेल."

"हं." त्यानं पायातल्या चपलांकडं बघितलं. "एकदा तू धर. मग घाल."

वीस वर्षं ती लोकांना सांगत आली होती की जिवंत पत्र्याला हात लावायचा नाही, चप्पल असो की बूट. तिनं अंबादासच्या पायातल्या चपला ओढून काढल्या आणि स्वतः घातल्या. तिला त्या बरोबर बसल्या. लास्याचा आणि तिचा पाय एकाच मापाचा होता.

तिनं हात पुढं केला, पालथा. बोटांची मागची बाजू दांडीला टेकवली.

होतं. बारीक, न थांबणारं, थरथरणारं. तिला त्याचं नाव माहीत होतं, एका सेकंदात किती वेळा ते माहीत होतं, कुठून येतं ते माहीत होतं. तिनं डोळे मिटले.

"उलटा नको," अंबादास म्हणाला. "सरळ धर. ती सरळ धरायची."

"सरळ धरता येत नाही."

"का?"

"स्नायू आखडतात. सरळ धरलं की मग सोडता येत नाही."

त्याला ऐकू गेलं की नाही कोण जाणे. त्यानं पुन्हा सांगितलं नाही. ती तशीच उभी राहिली, पालथा हात टेकवून, थोडा वेळ, आणि मग आणखी थोडा वेळ.

*

मोरीतली मोठी बादली अंबादासनं भरली. त्याला ती उचलवेना, तिनं एक बाजू धरली. झाकण काढलं तेव्हा मिठाचे खडे खरंच वाजले.

"तू ओत," तो म्हणाला.

"दोघं ओतू."

पहिलं पाणी जमिनीनं घेतलंच नाही, वर तरंगत राहिलं, कोळशाची काळी साय धरून. मग एकदम आवाज करत खाली गेलं. त्यांनी दुसरी बादली आणली. तिसरी. घरात भाग्यलक्ष्मीची डबी उंबऱ्यावर पडली होती, वायर तशीच दाराच्या आत.

पाऊल.
ओढ.
पा

मीटरजवळ खटका पडला. खट. स्वयंपाकघरातला पंखा फिरत फिरत मंद झाला. फ्रिज थांबला.

"पडला?" अंबादासनं विचारलं. त्याला ऐकू आलं नव्हतं. त्यानं तिच्या तोंडाकडं बघून ओळखलं.

"पडला."

दोघं आत आले. तिनं टेस्टर लावून बघितला. पेटला नाही. तिनं तो लांब स्क्रू काढला आणि खिशात टाकला.

अंबादास अनवाणी दांडीपाशी गेला. ओल्या पायांचे ठसे फरशीवर उठले. त्यानं दांडी धरली आणि वाट बघत उभा राहिला, मान जरा तिरकी करून, एखादा मागाचा बिघाड हातानं शोधावा तसा.

"येतंय काही?" तिनं विचारलं.

त्यानं मान हलवली. "नाही गं. काहीच नाही आता."

तरी त्यानं हात काढला नाही.

भाग्यलक्ष्मीनं निळ्या चपला काढल्या आणि उंबऱ्याशी जोडीनं लावून ठेवल्या. ती आत आली. त्याच्या हाताशेजारी तिनं दांडीवर हात ठेवला, सरळ, आणि मूठ मिटली.